बाईंचा कागद

सिस्टरने तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या आधी विचारला आणि ट्रक ड्रायव्हर भडकला. ताप दाखवायला आलोय, दारूची चौकशी कसली करता, असं म्हणत तो पडदा सारून निघून गेला.

तिचे कान लाल झाले. दवाखान्यात दारूबद्दलचे पाच प्रश्न कसे विचारायचे, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण कालच संपलं होतं. माणूस बघून ठरवायचं नाही, येईल त्याला विचारायचं. वजन विचारतो तितक्या सहज विचारायचं. उपदेश नको, ऐकून घ्यायचं. तिथे सगळं सोपं वाटलं होतं, इथे सकाळपासून नुसता गोंधळ. एका रंगाऱ्याने रोज पितो म्हणून सरळ सांगितलं, तर पुढे काय बोलायचं तेच तिला आठवेना. एका आजोबांनी, तुम्ही पाजणार का, असं हसून उलट विचारलं. डॉक्टरांनी आतून निरोप धाडला, रांग वाढतेय, आटपा.

मग बाई आत आल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सिस्टरला गणित त्यांनीच शिकवलेलं. भुवईवर खोक पडली होती. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाल्या. वर्षातलं हे तिसरं पडणं. सिस्टरने जखम पुसली, पट्टी लावली आणि बाईंच्या कागदावर पाचही प्रश्नांपुढे स्वतःच 'नाही' लिहून टाकलं. बाईंना असलं काही विचारायला तिची जीभच रेटली नसती.

काम झालं, तरी बाई उठेनात. चक्कर येतेय का, तर नाही. रक्तदाब ठीक होता. पाणी दिलं, तर पेला दोन्ही हातांनी धरून तशाच बसल्या. घरी कुणाला फोन करू का म्हटलं, तर नको. सिस्टरला काही उमगेना. बाहेर लोकांची चुळबुळ वाढली. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, जमीन कोरडी ठेवा, असं ती काहीबाही बोलत राहिली. वर्गात फळ्यापुढे उत्तर न आल्यावर बोलायची तसंच.

बाईंची नजर तिच्या हाताखालच्या कागदावरून हलत नव्हती.

"तासभर बाहेर बसले होते मी," त्या हळूच म्हणाल्या. "पडद्यातून सगळं ऐकू येतं. तू प्रत्येकाला विचारलंस."

"हो बाई. नवीन नियम आलाय. तुम्हाला कशाला उगाच त्रास, म्हणून..."

बाईंनी पेला खाली ठेवायला घेतला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं.

"मी सगळी उत्तरं मनात जुळवून बसले होते गं. खरी उत्तरं. मला का नाही विचारलंस?"