इमारत रिकामी व्हायला लागलेला वेळ

तिने लाल पेटीची काच अंगठ्याने दाबली, भोंगा बोंबलायला लागला आणि तीन मजली इमारतीतलं एकही माणूस जागचं हललं नाही.

बाहेर आलं ते फक्त जिन्याखाली झोपणारं कुत्रं. ते अंगण ओलांडून थेट 'जमण्याची जागा' अशा हिरव्या पाटीखाली जाऊन बसलं आणि भोंग्याच्या सुरात सूर मिसळून रडायला लागलं. त्याच्या शेजारी ती उभी. गळ्यात खेळ विभागातून मागून आणलेलं स्टॉपवॉच. आकडे पळत होते आणि दार मख्ख होतं.

अग्निसुरक्षा अभियांत्रिकीचं तिचं शेवटचं वर्ष. भोंगा वाजल्यापासून इमारत रिकामी व्हायला किती वेळ लागतो, ते मोजायचं, एवढाच तिचा प्रोजेक्ट. उद्या सकाळी तो जमा झाला नाही तर वर्ष बुडालं. पहिल्यांदा मोजायला गेली तर भोंगाच वाजला नाही. दुसऱ्यांदा सगळ्यांना आधी कळवलं, तर उगीच धावपळ नको म्हणून मंडळी भोंग्याच्या आधीच खाली येऊन गप्पा मारत उभी. वेळ निघाला उणे चार मिनिटं. आता तो कुणाला दाखवायचा? म्हणून या खेपेला तिने फक्त सरांना सांगितलं होतं, आणि वर हात जोडून म्हणाली होती, "सर, कृपा करून कुणाला बोलू नका."

एकदा बाहेर पडलेल्याने परत आत जायचं नाही, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा. तो खुंटीला टांगून ती आत शिरली.

पहिल्याच वर्गात तिचे वर्गमित्र बसले होते. उद्या हेच लोक इमारती तपासायला जाणार. दोघांनी कानांत बोटं घातली होती, बाकीचे खाली मान घालून लिहीत होते.

"अरे, उठा ना," ती दारातून म्हणाली.

"खोटा आहे तो," चष्मा म्हणाला. वर्गात पहिला येणारा मुलगा. सगळे त्याला चष्माच म्हणत.

"तुला कुणी सांगितलं?"

त्याने पेनाने फळा दाखवला. फळ्यावर सरांचं मोत्यासारखं अक्षर होतं. 'आज दुपारी भोंगा वाजेल. तो प्रोजेक्टसाठी आहे. घाबरून कोणीही जागेवरून उठू नये.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांच्या खोलीचं दार जाडजूड. धूर आत येऊ नये म्हणून ते कायम बंद ठेवायचं असतं. वारा यावा म्हणून सरांनी ते आग विझवायचं सिलिंडर टेकवून उघडं ठेवलं होतं. सर पेपर तपासत होते. माणूस मनाने फार चांगला, तीच तर पंचाईत.

"आधी तो भोंगा बंद कर बाई. डोकं उठलं."

तिने जाऊन बंद केला आणि परत आली.

"सर, तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंत."

"अगं, मागच्या वेळी किती फजिती झाली तुझी. म्हटलं, या वेळी तरी शांतपणे होऊ दे."

"पण लोक बाहेर येणं हाच प्रोजेक्ट आहे ना, सर?"

"तीन मिनिटं लिही. मी सही करतो, तू मोकळी."

"तीन मोजली कुठे?"

"मोजतंय कोण? सगळे तीनच लिहितात. माझ्या वेळी मीही तीनच लिहिली होती."

तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता. एक आकडा लिहायचा आणि सुटायचं. सरांच्या त्या तिनावर कुठल्या दवाखान्याचा जिना बेतला असेल, कुठल्या शाळेचं दार? आता तिच्या तिनावर बेततील.

"बघते, सर," म्हणून ती खाली आली. गळ्यातलं घड्याळ अजून चालूच होतं. तिने ते थांबवलं नाही. जाऊन पाटीखाली बसली.

थोड्या वेळाने आईचा फोन आला.

"झालं का गं?"

"नाही. अजून कुणी बाहेरच आलेलं नाही."

"कशातून?"

"आगीतून."

"अगं बाई, आग कुठे लागली?"

"लागली नाहीये गं, आई. तेच तर."

आई म्हणाली, "काही खाल्लंस का?"

संध्याकाळी कॉलेज सुटल्याची घंटा झाली, तेव्हा मात्र कुणाला काही सांगावं लागलं नाही. जिन्यावर ही रेटारेटी. चष्मा सगळ्यांच्या पुढे. ती एकेकाला मोजत बसली. वरच्या मजल्याचे दिवे गेले, मग मधल्या मजल्याचे. सगळ्यात शेवटी सर आले, हातात रिकामा डबा. त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला तसं तिने बटण दाबलं.

"अजून इथेच तू?"

"इमारत आत्ता रिकामी झाली, सर."

तिने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा पाहिला. पुन्हा पाहिला.

"हे लिहिणार आहेस?"

तिने जवळच्या प्रोजेक्टच्या कागदावर आकडा उतरवला आणि तो पुढे धरला. "लिहिलं. खाली फक्त तुमची सही हवी."

सरांनी कागद हातात घेतला. मग त्यांनी खिसा चाचपला. "पेन वर राहिलं," म्हणत ते दाराकडे वळले.

"एकदा बाहेर पडलेल्याने परत आत जायचं नसतं, सर," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय." आणि तिने आपलं पेन पुढे केलं.