आलेखातला खड्डा

“रेषेखाली पडलेले हे चार ठिपके आधी खोड!” विज्ञानाचे सर तेजलला म्हणाले. “असा आलेख प्रदर्शनाला जाणार नाही.”

तेजलचं सूत्र तर बिनचूक होतं. व्यायल्यावर गाईचं दूध चढतं, दीड महिन्यानं हळूहळू उतरतं. पण बाबांच्या जुन्या वहीत बकुळी गाईचं दूध नऊ लिटरवरून एकदम तीनवर आलेलं!

ती तरातरा गोठ्यात गेली. “बाबा, तुम्ही वहीत चुकीचं लिहिलंत!”

तारीख बघून बाबा हसले. “चूक कसली गं वेडे! त्या दिवशी तुझी आत्या सासरी गेली. धार तीच काढायची ना! मग बकुळीनं चार दिवस पान्हाच चोरला. कासेला हात लावू देईना मला. दिवसभर रस्त्याकडं बघून हंबरायची.”

आता ठिपके खोडतेय कोण! तेजलनं त्यांच्यावर ठसठशीत लिहिलं, ‘इथे आत्या सासरी गेली’, आणि फोटो आत्याला पाठवला.

लगेच आत्याचा फोन आला.

“आणि मी बाई वीस वर्षं समजत होते,” ती म्हणाली, “माझ्यावाचून तिथं कुणाचं काही अडलं नाही.”