प्रश्नचिन्हांचा हुकूमनामा

न्यायाधीशबाईंनी सहीसाठी उचललेलं पेन पुन्हा खाली ठेवलं.

"हे काय? कोण कोणापासून वेगळं झालंय?"

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. नवऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती, बायकोच्या जागी दुसरी रांग. खालचा मजकूर आधीच छापलेल्या नमुन्यातला, म्हणून तो शाबूत होता: यांचा विवाह आजपासून संपुष्टात आला आहे.

"सकाळपासून सगळ्यांचंच असं येतंय, मॅडम. काल सर्व्हर बदलला, आणि कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. मघाशी तर प्रश्नचिन्हाने प्रश्नचिन्हाला दत्तक घेतलं."

कुणी हसलं नाही.

"यांना पुढची तारीख द्या," बाई म्हणाल्या. "उद्यापासून सुट्ट्या. म्हणजे दोन-तीन महिने गेलेच."

समोर तो आणि ती उभे होते, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून. पुढच्या तारखेचं ऐकून त्याला ना बरं वाटलं, ना वाईट. दातवाल्या डॉक्टरने सुई टोचली की गाल जसा आपला राहत नाही, तसं त्याचं बरेच दिवस चाललं होतं. अर्जावर सही करतानाही आत काही हललं नव्हतं. आता मात्र त्याची नजर त्या कागदाला चिकटली. सर्व्हर सांभाळणं हेच त्याचं काम होतं.

"नव्या सर्व्हरला भाषा सांगायची राहिलीय," तो म्हणाला. "सांगितली नाही तर त्याला इंग्रजी तेवढी कळते. बाकी प्रत्येक अक्षरावर तो प्रश्नचिन्ह ठोकून मोकळा होतो. नावं आत धड असतील. मी करून देतो."

"तुम्ही पक्षकार आहात. तुम्हाला मशीनला हात लावता येणार नाही."

"हात तुमच्या ऑपरेटरबाईंचे. मी नुसतं सांगतो."

न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुमची काही हरकत?"

त्या दिवसात पहिल्यांदाच तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"हरकत कसली," ती म्हणाली. "यांना जमेल."

शेजारच्या खोलीत एक पंखा घरघरत होता. ऑपरेटरबाई खुर्चीत बसल्या, तो मागे उभा राहिला. ती येऊन दाराच्या चौकटीला टेकली.

त्याच्या सांगण्यावरून बाईंनी एक नाव पडद्यावर मागवलं. ते अगदी नीट आलं. तेच छपाईला पाठवलं, तर पुन्हा प्रश्नचिन्हं. बाई वैतागल्या. "इथे दिसतं आणि तिथे काय धाड भरते?"

"तुम्ही लॉगिन केलंत की तुमची भाषा तुमच्याबरोबर येते," तो म्हणाला. त्याच्या आवाजाला धार आली होती. "छपाईचा प्रोग्राम मागे एकटाच चालतो. तुमचं त्याला काही कळत नाही. त्याला वेगळं सांगावं लागेल."

असा तो घरीही होता. काही बिघडलं की तो जागा व्हायचा. गळका नळ, अडकणारी खिडकी, बंद पडलेलं घड्याळ, कशाचाच त्याने कधी कंटाळा केला नाही. एकदा ती म्हणाली होती, मला या घरात करमत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने इंटरनेटचा वेग वाढवून घेतला होता. भांडण असं त्यांचं झालंच नाही. बोलणंच आटत गेलं, आणि एका सकाळी चहा घेताना दोघांनी शांतपणे ठरवून टाकलं.

त्याने भाषेचं नाव अक्षर न् अक्षर सांगितलं. बाईंनी ते सर्व्हरवर चढवलं. मग छपाईच्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये एक ओळ घातली, आणि तो प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला.

"आता द्या."

प्रिंटरने कागद बाहेर ढकलला.

"आली की हो नावं!" ऑपरेटरबाई ओरडल्याच.

त्याने कागद हातात घेतला. त्याचं नाव, खाली तिचं नाव. लग्नाच्या पत्रिकेनंतर दोघांची नावं अशी एकत्र छापलेली त्याने पाहिली नव्हती. त्याने काना, मात्रा, वेलांट्या तपासल्या. "जोडाक्षरही फुटलेलं नाही," तो म्हणाला आणि कागद पुढे केला.

कोर्टात परतल्यावर न्यायाधीशबाईंनी सही केली. शिक्का बसला. कारकुनाने दोघांना एकेक प्रत दिली, आणि "तुमच्यामुळे आज सगळ्यांचीच कामं होणार बघा" म्हणत त्याचा हात हातात घेऊन हलवला.

जिन्यावर गर्दी होती. दोघं भिंतीच्या कडेने खाली आले. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. त्याने कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. आता काहीतरी बोलायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

"बरं झालं, हेलपाटा वाचला," तो म्हणाला.

ती पायरीवर थांबली. प्रत तिच्या हातात तशीच होती, न दुमडलेली.

"आज तरी 'जमत नाही' म्हणायचं होतंस रे."