खिडकीवरचं घोंगडं

“सूर्य असताना गोष्ट सांगू नकोस पोरी, डोक्याला शिंगं फुटतात,” आजी म्हणायची. तिची गोष्ट पुढे सांगेन, पण अंधारातच, असं मी तिला वचन दिलं होतं. आज तीच गोष्ट नवलेखकांच्या मासिकात छापून आली होती. पण प्रकाशनाच्या वेळी सभागृहात सकाळचं ऊन भरलं होतं. मी सगळ्यांना आजीचं वचन आणि शिंगांची अडचण सांगितली. “वाच ना, झुकिस्वा,” संपादक व्हुयेल्वाताई म्हणाल्या. “लोक केपटाउनहून आलेत. संध्याकाळी इथे चर्चच्या गायकांची तालीम असते. शिंगं फुटलीच तर मुखपृष्ठावर छापू.” सगळे हसले. मी उन्हानं भरलेल्या खिडक्यांकडे पाहिलं. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली. खांद्यावरचं घोंगडं तिनं खिडकीवर टांगलं. “मलाही आजी होती,” ती म्हणाली. बाकीच्यांच्याही शाली आल्या. एकेक खिडकी विझत गेली. अंधार पाण्यासारखा गळ्यापर्यंत चढला. हातातला अंक दिसेना. मी तो मिटला आणि आजीच्या हळू आवाजात सुरुवात केली.