पिकअपची तक्रार

"बॉनेट उघडा आधी, मग बोलू," काका म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

मुलीनेच वाकून खटका ओढला. तिचे वडील गाडीला टेकून उभे होते. एरवी त्यांनी आपल्या गाडीला कुणाला हातसुद्धा लावू दिला नसता.

बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत ही मंडळी दर रविवारी सकाळी जमायची. सगळ्यांकडे एकाच मॉडेलची नवी गाडी. पॉलिश आणि मायलेज अशी टोपणनावं पडलेले दोघे आणि जन्मभर इंजिनं खोलून बसलेले काका. मुलीच्या वडिलांचं नाव पडलं होतं शोरूम, कारण त्यांची गाडी कधीही बघा, आत्ताच काढून आणल्यासारखी. यांना एकमेकांच्या टायरमधली हवा पाठ, पण घरी कोण आहे, बरं आहे का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. असली ही दोस्ती!

"काय शोरूम, होता कुठे?" पॉलिशने फडकं झटकत विचारलं. "आम्हाला वाटलं, गाडी विकून मोकळे झालात."

"घरात जरा गडबड होती," वडील म्हणाले.

"गडबड माझ्या डॅशबोर्डात आहे," मायलेज सुरू झाला. "सारखी कटकट, कटकट! सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, नवीन प्लास्टिक आहे, बसेल जागेवर. अरे, मी बसेन जागेवर म्हातारा होऊन, ते काही बसायचं नाही!"

"माझ्या मागच्या दाराची फट बघा. अख्खं बोट जातंय," पॉलिश म्हणाला.

सगळे हसले. मुलगी हसली नाही.

"काका, आमची तक्रार पिकअपची आहे," ती म्हणाली. "हायवेवर गाडी वेगच घेईना. बाबांनी पाय पूर्ण दाबला होता, तरी नाही."

"तू बघितलंस?"

"मी मागे होते. बाबाच तसं म्हणत होते. हो ना बाबा?"

वडिलांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

"सर्व्हिस सेंटरला दाखवली?"

"दोनदा. दोष सापडत नाही म्हणाले आणि हात वर केले. काका, तुम्ही एवढे जाणकार. तुम्ही चालवून बघा. दोष दिसला तर मला लेखी द्या, मी कंपनीला सोडणार नाही."

"गाडी बदलून द्यायचे नाहीत हं ते, आधीच सांगतो."

"नकोच आहे बदलून!" तिचा आवाज चढला. "दोष होता एवढं मान्य करू देत त्यांना. बास."

पॉलिशने मायलेजला डोळा मारला. "पोरगी बापाच्या वरताण निघाली."

"राहू दे ना गं," वडील हळूच म्हणाले. "काय उपयोग आहे आता?"

"असं म्हणूनच ही लोकं सोकावतात, बाबा."

काकांनी तेल बघितलं, एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरला, पाइप चाचपले. मग बॉनेट लावलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"मी थांबतो इथेच," वडील म्हणाले.

"वा! मालकाशिवाय गाडी न्यायची होय? बसा मागे."

वडील दार धरून नुसते उभे राहिले. शेवटी बसले, तेही सीटच्या कडेला. पॉलिशला वाटलं, सीट मळेल म्हणून जपतायत. त्याने ते बोलूनही दाखवलं आणि पुन्हा हशा पिकला.

हायवे मोकळा होता. काकांनी गाडी हळूहळू वर नेली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. मुलगी शेजारी बसून काट्यावर डोळे लावून होती. गाडी कुठेतरी अडावी, गचके खावेत, काहीतरी तुटल्यासारखं वाजावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

काकांनी पाय दाबला. काटा शंभराच्या पुढे सरकला, तरी गाडी हूं की चूं करेना.

"कुठे गं अडतेय? पाय ठेवायचा अवकाश, सुसाट!" काका खूश झाले. "आणि एक सांगू? हे इंजिन कुणीतरी फार मायेने वापरलंय. तेव्हा गाडी घेऊन किती दिवस झाले होते?"

"महिनासुद्धा नव्हता झाला."

"हात्तिच्या!" काकांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "अगं, मग तो दोष नव्हेच. नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर ऐंशीच्या वर न्यायचं नसतं. पण घरची माणसं ऐकतात थोडीच? पळवा की, पळवा की, म्हणून डोकं खातात. मग आम्ही सगळे एकच थाप मारतो, पाय पूर्ण दाबलाय, पळतच नाही! मी स्वतः घरी हेच सांगितलंय. आमच्यातल्या अर्ध्यांना मात्र पुढे धीर निघत नाही, पळवतातच. शोरूम पक्का माणूस! काय हो, बरोबर ना?"

काकांनी पाय सैल सोडला आणि वेग उतरू दिला.

"गाडी खणखणीत आहे, पोरी. अगदी निश्चिंत राहा."

मुलीने सीटबेल्ट काढला आणि ती पूर्ण मागे वळली. वडिलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"आई माझ्या मांडीवर जीव सोडत होती, बाबा," ती म्हणाली, "आणि तुम्ही इंजिन जपत होता?"