तिसरी फेरी

सकाळच्या पाळीची घंटा होऊन पाच मिनिटं झाल्यावर तिने वेळांच्या फाइलमधला एक आकडा खोडला. चार, चार, चार अशी ओळ होती. आता चार, चार, एक अशी झाली.

मग गेम सुरू करून ती स्वतःच खेळायला बसली.

गेम नवशिक्यांसाठी होता आणि तिनेच लिहिला होता. कारखान्यात नवीन येणाऱ्याने आधी पडद्यावरच्या माणसाला हलत्या अडथळ्यांतून पार न्यायचं, मगच खाली यंत्रांमध्ये पाय ठेवायचा. अडथळे खालच्यासारखेच: वरखाली होणारी झडप, डुलणारा दांडा, आणि सगळ्यात शेवटी रुळावरून आडवी धावणारी ट्रॉली. ट्रॉली या भिंतीकडून त्या भिंतीकडे जायची, चार सेकंद थांबायची, परत यायची. तेवढ्यात वाट ओलांडायची. चार सेकंदांत म्हातारा माणूसही रमतगमत पलीकडे गेला असता.

तिने पडद्यावरच्या माणसाला पिवळ्या पट्टीवर उभं केलं. एक फेरी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीच्या पाठोपाठ पाऊल टाकलं. एका सेकंदात ट्रॉली उलटी आली आणि माणूस दिसेनासा झाला. 'पुन्हा प्रयत्न करा,' अशी लाल अक्षरं उमटली.

"झकास," ती म्हणाली. आपला आवाज तिला आवडला नाही.

दहा वाजता धाकट्या भावाची चाचणी होती. तीनदा हुकला की घरी, असा नियम होता. आणि धाकटा हुकणार हे तिला ठाऊक होतं, कारण पाऊल कधी टाकायचं ते तिनेच त्याला शिकवलं होतं. लहानपणी दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून ती दुसरं फिरवायची, आणि हा दर वेळी पायात दोरी अडकवून भोकाड पसरायचा. शेवटी ती म्हणाली होती, "दोन फेऱ्या बघ, तिसरीला पाऊल टाक." तेव्हापासून रस्ता ओलांडायचा असो की फिरत्या पाळण्यात बसायचं असो, स्वारी बोटांवर दोन मोजणार आणि मगच हलणार. मित्र त्याला 'दोनमोज्या' म्हणायचे.

वडील याच कारखान्यात होते. त्यांच्या डाव्या हाताला आता फक्त अंगठा होता. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. हे रोज बघूनही धाकट्याला खालचीच नोकरी हवी होती. महिनाभर तिने समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"तू वर काचेत बसतेस ते चालतं, मी खाली उभा राहिलो तर काय बिघडलं गं?"

म्हणून तिने बोलणं सोडून दिलं आणि आकडा बदलला. लबाडीच होती ती. पण त्याचे हात शाबूत राहणार असतील तर ती आणखी दहा लबाड्या करायला तयार होती.

दहा वाजता धाकटा तिच्या शेजारी बसला. झडप पार केली, दांडा पार केला, पट्टीवर थांबला, बोटांवर मोजलं आणि चिरडला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"ताई, तिसऱ्या फेरीनंतर ती लवकर येते."

"तुला वाटतं तसं. माणूस घाबरला की घाई होते."

तो उठला आणि मान खाली घालून जिना उतरला. तिला भडभडून आलं. पण छातीवरचा धोंडाही उतरला होता. चहाच्या सुट्टीची घंटा झाली, खालची यंत्रं थांबली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा चहा तिच्या घशाखाली नीट उतरला.

चहाचा पेला घेऊनच फिटरकाका वर आले. खालच्या यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे होती. काका एकदा बोलायला लागले की अर्धंच ऐकायचं, ही इथली जुनी रीत.

"तुझा भाऊ रडवेला होऊन जिन्यात भेटला गं. मी म्हटलं, गेममध्ये काहीतरी घोळ असणार. खाली मी सकाळपासून बघतोय, ट्रॉली बरोबर चार सेकंद थांबते. म्हटलं, चल, चहानंतर ट्रॉली सुरू झाली की खरोखरच चालून दाखव, साहेबांना मी सांगतो."

तिच्या कपाळावर आठी पडली. एवढं जुळवून आणलेलं सगळं मुसळ केरात!

"नियम आहे काका. तीनदा हुकला तो."

"अगं, चूक तुझ्या कोडची, शिक्षा पोराला? वेळांची चूक तर नाहीच. परवाच नाही का तुला विचारून फाइल एक केली? एकीकडे बदलायचं, दुसरीकडे विसरायचं, ती भानगडच संपली."

तिला परवाची दुपार आठवली. काका दारात उभे राहून काहीतरी लांबण लावत होते. ती दांड्याच्या कोडमध्ये डोकं खुपसून बसली होती. "हो हो, करा," एवढंच म्हणाली होती.

"कोणती फाइल एक केली?"

"तुझीच की. खालची ट्रॉलीही आता तीच वाचते."

"कधी वाचते?"

"सुरू होताना. सकाळी एकदा, नि चहानंतर एकदा."

सुट्टी संपल्याची घंटा वाजली. खाली रूळ घरघरले. ती खुर्ची पाडून काचेकडे धावली, दोन्ही हातांनी काच बडवायला लागली. खालच्या आवाजात कुणाची मान वर झाली नाही.

धाकटा पिवळ्या पट्टीवर उभा होता. ट्रॉली त्याच्यासमोरून गेली, आणि त्याने एक बोट मिटलं. ट्रॉली परत आली, आणि त्याने दुसरं बोट मिटलं.