गुडघ्यातली मोड

ऑर्विल पेट्राकने जगातलं सगळ्यात देखणं लेस ड्रोबनी या बेसबॉल खेळाडूचं कार्ड स्वतःच्या हाताने, चित्रातल्या गुडघ्यातच मोडलं. पण असं काही झालंच नाही, असं धरून चला. कार्डं जमवणारा माणूस असं करत नसतो.

तर शनिवार होता. अमेरिकेतल्या टोलेडोमधल्या चर्चच्या तळघरात बेसबॉल कार्डांचा बाजार भरला होता. कॉफीचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास एकमेकांत झोपून गेला होता. ऑर्विलचं अख्खं लहानपण, म्हणजे त्याची जुनी कार्डं, एव्हाना कोरं करकरीत झालं होतं. कोपरे दुमडलेला पिचर देऊन टोकदार कोपऱ्यांचा आणायचा, च्युइंगगमचा डाग पडलेला कॅचर देऊन बिनडागी घ्यायचा, असं करता करता तो स्वतः मात्र म्हातारा झाला. सुधारायचा उरला होता एकटा ड्रोबनी.

ते कार्ड त्याने लहानपणी कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला लावलं होतं. आऱ्यांवर आपटलं की मोटरसायकलसारखं फटफटायचं. फटफटता फटफटता ते नेमकं चित्रातल्या ड्रोबनीच्या गुडघ्यात मोडलं. त्याच संध्याकाळी रेडिओ म्हणाला, दुसऱ्या बेसवर घसरताना ड्रोबनीचा गुडघा गेला. तो पुन्हा कधी खेळला नाही. हे आपणच केलं, हे ऑर्विलने ओळखलं आणि जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

आज तळघरात खुद्द ड्रोबनी काठी टेबलाला टेकवून सह्या द्यायला बसला होता. सही घ्यायला कुणीच नव्हतं. शेजारी त्याची बायको व्हर्ना थर्मासमधून कॉफी ओतत होती.

"मी तेव्हा नर्स होते, याच्या गुडघ्याला प्लॅस्टर मीच घातलं," ती ऑर्विलला म्हणाली. "इतका ओरडला, की म्हटलं, याला एकटं सोडून चालायचं नाही."

"ही म्हणाली हलू नकोस," ड्रोबनी म्हणाला. "अजून हललो नाही बघ, पोरा."

ऑर्विलला हसू आलं नाही. तो तडक कार्डं विकणाऱ्या नेटच्या टेबलाशी गेला.

"द्या तो लंगडा इकडे, ऑर्विलराव," नेट म्हणाला. "हा घ्या. जन्मल्यापासून याला वारासुद्धा लागलेला नाही."

पारदर्शक डबीत सीलबंद ड्रोबनी. दर्जा दहापैकी दहा. ऑर्विलने जुना दिला, वर थोडे डॉलर टाकले आणि नवा हातात घेतला.

पलीकडे खुर्ची सरकली. ड्रोबनी उभा राहिला. काठी तशीच ठेवून तो टेबलांमधून हलकेच धावू लागला, जणू पायाखाली गवत होतं. तळघराचं छत क्षणभर निळं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विलच्या छातीवरून एक जुनी सायकल उतरली.

मग ड्रोबनी आपल्या टेबलाशी परतला. शेजारची व्हर्नाची खुर्ची रिकामी होती. थर्मासमधून वाफ येत होती.

"पोरा," त्याने सभ्यपणे विचारलं, "हा थर्मास कुणाचा रे?"

ऑर्विल धावत नेटकडे गेला. "माझा जुना परत दे. हा ठेव."

"वरच्या दर्जातून खालच्या दर्जात?" नेट म्हणाला. "तसली बदली आम्ही करत नाही, ऑर्विलराव. आजवर कुणी मागितलीच नाही."

ऑर्विलने डबी जमिनीवर ठेवली आणि बुटाच्या टाचेने फोडली. नेट किंचाळला. ऑर्विलने अंगठ्याने कार्डावरचा गुडघा चाचपला. मागच्या वेळी निदान सायकल होती. त्याने डोळे मिटले आणि दाबलं.

"आई गं!" पलीकडून ड्रोबनी ओरडला.

"हळू ओरड, लोक बघतायत," व्हर्ना म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

सोमवारी ऑर्विलने ते कार्ड दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे पाठवलं. सोबत अर्ज जोडला:

"महोदय, सदर कार्ड गुडघ्यात मोडलेले असून ती मोड अर्जदाराने स्वतः, पूर्ण शुद्धीत घातलेली आहे. तरी मोड आहे तशीच ठेवून कार्डाचा दर्जा पूर्ववत दहापैकी दहा नोंदवावा, ही नम्र विनंती."